टेस्ट ट्यूब बेबी केलं तर पाप लागतं का?

जालन्यात ख्रिस्ती लोक आजचे नाहीत; नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकातच जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं. आपल्या गटांतही ख्रिस्ती मैत्रिणी आहेत. वर दिलेला प्रश्न त्यांच्यातल्याच एकीचा.

सगळी चर्च एकच सांगत नाहीत. कॅथलिक चर्चने 1987 मध्ये स्पष्ट नाही म्हटलं. मूल नवराबायकोच्या संबंधातूनच यावं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय प्रयोगशाळेत जादा गर्भ बनतात, उरलेले गोठवतात किंवा टाकतात. त्यांच्या लेखी तोही जीवच. स्त्रीबीजाच्या गोळ्या, नळ्यांचं ऑपरेशन याला मात्र त्यांची ना नाही. प्रोटेस्टंटांत बरेच जण म्हणतात, बीज नवराबायकोचंच असेल तर चालतं. गर्भ किती बनवणार, हे डॉक्टरांना आधीच विचारा की!

दुसरीच्या पोटात मूल वाढवायचं म्हटलं की मला बायबलातली हागार आठवते. सारेच्या सांगण्यावरून तिनं मूल दिलं, अन् पुढं लेकरासकट रानात हाकलली गेली. 2021 च्या कायद्यानं पैसे देऊन कूस घेणं बंद केलं, बरंच झालं.

हन्नालाही मूल नव्हतं. सवत पनिन्ना टोचून बोलायची, पण नवऱ्याची माया कमी झाली नाही. आपल्याकडे नवऱ्याला न तपासताच बाईला देवऋष्याकडे नेतात. वीर्याची तपासणी सोपी, खर्चही थोडा. ती आधी करा. मग गटाकडे कर्जाचा अर्ज घेऊन या, दोघंही या.