कैदी, पहारेकरी आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी तुरुंगाचा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण देहूरोडच्या ज्या भूमीवर २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्या भूमीवर कुठल्याही दुःखाला मज्जाव असू शकत नाही. आणि तुरुंग काही लांब नाही. लोकलने पुणे स्टेशन, तिथून बसने येरवडा. येरवडा म्हटलं की आपल्याला १९३२ चा पुणे करार आठवतो. पण वस्तीतल्या एखाद्या माउलीला येरवडा म्हटलं की मुलाखतीची रांग आठवते. ती हे कुणाला सांगत नाही, कारण तिला लाज वाटते. म्हणून आज आपण विहारात हे उघड बोलू.

बंधू-भगिनींनो, न्यायालय माणसाला तुरुंगवासाची शिक्षा देतं, म्हणजे त्याचं स्वातंत्र्य काढून घेतं. मार खाण्याची, उपाशी राहण्याची, औषधावाचून तळमळण्याची शिक्षा कुठल्याही निकालपत्रात लिहिलेली नसते. शिवाय आत असलेले सगळे गुन्हेगार ठरलेले असतात का? २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर जणांचा निकालच लागलेला नव्हता!

कैद्याची काळजी ही काही साहेबाच्या देशातून आलेली कल्पना नाही. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या शिलालेखात धम्ममहामात्रांची कामं सांगितली आहेत. कैद्यांना मदत करणं, ज्यांच्या पाठीमागे लेकरंबाळं आहेत किंवा जे म्हातारे झाले आहेत त्यांच्या सुटकेकडे बघणं, हे त्यांत आहे. राज्याभिषेकानंतरच्या सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा कैदी सोडल्याची नोंदही त्याच्या स्तंभलेखात आहे. आचार्य नागार्जुनांनी ‘रत्नावली’त राजाला उपदेश केला, तो राजा सातवाहन घराण्यातला, असं परंपरा मानते. त्यात कैद्याला अन्न, वस्त्र, औषध, आंघोळ इतकंच काय, न्हावीसुद्धा मिळावा असं आहे. शिक्षा करायची ती बिघडलेल्या मुलाला बाप करतो त्या भावनेने करायची, हा त्यामागचा विचार. लक्षात घ्या, अशोकाने नुसता हुकूम काढला नाही, तर त्या कामाला माणसं नेमली. कारण तुरुंग सुधारतो तो कागदाने नाही, तिथल्या अधिकाऱ्याने.

आपल्या राज्यात या खात्याचं नाव कारागृह व सुधारसेवा असं आहे. नाव चांगलं आहे. पण ज्या १८९४ च्या कायद्यावर देशातले तुरुंग चालत आले तो इंग्रजांचा. त्याची मुख्य चिंता एकच, कैदी पळून जाऊ नये. पहारेकऱ्याला कुलूप लावायला शिकवलं, माणूस वाचायला शिकवलं नाही.

याचा परिणाम काय होतो? जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात मंजुळा शेट्ये नावाच्या बाईचा मृत्यू झाला. ती स्वतः कैदी-वॉर्डन होती. शिध्यातली दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, त्यावरून तिला अमानुष मारहाण झाली असा आरोप आहे. सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. दोष ठरवणं न्यायालयाचं काम आहे. पण दोन अंड्यांच्या हिशेबावरून माणसाचा जीव जाण्यापर्यंत गोष्ट कशी जाते, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

त्याचबरोबर शिपायाचीही बाजू बघा. त्या २०२२ सालीच देशभरात तुरुंगांतल्या मंजूर जागांपैकी जवळजवळ तीस टक्के जागा रिकाम्या होत्या. बराकीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबलेली आणि त्यांच्यावर मोजके शिपाई. सणवार नाही, झोप नाही. थकलेला, घाबरलेला माणूस काठीवरच भिस्त ठेवणार. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्येच सांगितलं होतं की तुरुंग चालवणं हा वेगळा पेशा आहे, त्यासाठी अखिल भारतीय सेवा निर्माण करा. ती सेवा काही झाली नाही. येरवड्याला दौलतराव जाधव यांच्या नावाचं कारागृह अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे. तिथे कवायतीइतकाच कायदा, मानसशास्त्र आणि घटना शिकवण्यावर भर असला पाहिजे.

विश्वासाने काम होतं याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर वसवलं गेलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रिडमन यांचा तो प्रयोग. भिंत नाही, बेडी नाही. कैद्यांनी शेती केली. व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचलेला.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. पण अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावलीत झाडू कोणाच्या हाती द्यायचा आणि चूल कोणी पेटवायची हे जातीवर ठरत होतं. घटना लागू होऊन सत्तर वर्षं झाली तरी! मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उजेडात आणलं आणि सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. निकाल मोठा आहे. पण सकाळी बराक उघडल्यावर झाडू कुणाकडे फेकायचा हे दिल्लीतले न्यायमूर्ती बघायला येत नाहीत. ते त्या शिपायाच्या हातात असतं. म्हणून मी पुन्हा पुन्हा माणसावर येतो.

मग आपण काय करायचं?

पहिलं, कायदा माहीत करून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जामिनावर सोडायचं असतं. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी नाही. हा काळ भरला की न्यायालयाला लेखी अर्ज करणं हे तुरुंग अधीक्षकाचंच कर्तव्य आहे. तेव्हा तारखा वहीत लिहून ठेवा आणि नम्रपणे पण ठामपणे विचारा. कोठडीतल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० हा विधी सेवेचा फोन नंबर घराघरात लिहून ठेवा. दलालाच्या हातात मंगळसूत्र देऊ नका!

दुसरं, शिकलेल्या मुलामुलींनी या खात्यात जावं. खाकी म्हटलं की आपण पोलीस भरतीच बघतो. कारागृह शिपायाची, तुरुंगाधिकाऱ्याची परीक्षाही द्या. झाडू फेकणाऱ्याच्या जागी समता मानणारा माणूस बसला, तर एका बराकीचं जगणं बदलेल.

तिसरं सगळ्यांत अवघड. अंगुलिमालाची गोष्ट आपण लेकरांना सांगतो. पण ती अर्धीच सांगतो. भगवंतांनी त्याला जवळ केलं, राजा पसेनदीनेही त्याला अभय दिलं. पुढे तो भिक्षेला निघाला तेव्हा मात्र लोकांनी त्याला दगड मारले, डोकं फोडलं, भिक्षापात्र फोडलं. राजाने माफ केलं, गावाने केलं नाही. आज शिक्षा भोगून आलेल्या पोराला आपण काम देतो का? त्याच्या बहिणीचं लग्न मोडत नाही ना? निर्दोष सुटलेल्याकडेही आपण कोणत्या नजरेने बघतो?

सरकारने सुधारसेवा द्यावी ही मागणी आपण जरूर करू, जोरात करू. पण सुटून आलेल्या माणसाला विहाराच्या सतरंजीवर आपल्या शेजारी जागा देणं, हे सरकारचं काम नाही. ते आपलं आहे. पुढच्या पौर्णिमेच्या वंदनेला त्या माउलीच्या घरी कुणीतरी बोलवायला जा, एवढंच सांगतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!