नवा संगणक, मुका पडदा

सुटे भाग स्वहस्ते जुळवून सिद्ध केलेला संगणक प्रथमच चालू करावा, आतले पंखे गरगर फिरू लागावेत, आणि पडदा मात्र काळाच्या काळा राहावा, अशा प्रसंगी मदरबोर्डच निकामी निघाला असा निवाडा देण्याची घाई बहुधा चुकीची ठरते. पंखे फिरतात याचा अर्थ 24 पिनांच्या मुख्य जोडणीतून वीज पोहोचली, एवढाच. प्रोसेसरला लागणारा 12 व्होल्टांचा पुरवठा सहसा बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातील 8 पिनांच्या स्वतंत्र जोडणीतून होतो, आणि ती वायर कॅबिनेटच्या मागून ओढून आणावी लागत असल्याने हमखास विस्मरणात जाते. मीही विसरलो आहे, तेही दोनदा. त्यानंतर रॅमची तपासणी: वीज बंद करून पट्टी काढावी आणि खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून, मन घट्ट करून पुन्हा दाबावी. डीडीआर5 रॅम असल्यास पहिल्या खेपेस पडदा उजळायला काही मिनिटेही लागू शकतात. तेवढा दम धरावा. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावली असेल, तर कसूर यंत्राची नव्हे. एवढ्यावरही पडदा उजळला नाही, तर पुष्कळ नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए अशा अक्षरांशेजारी चिमुकले दिवे असतात. त्यांपैकी जो तेवत राहील, तेथून पुढील चौकशी सुरू करावी.