टेकू काढू नका!

(विलेपार्ले येथे ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आयुर्वेदाने परिणामाच्या दृष्टीने व्याधींचे चार वर्ग केले आहेत. सहज बरी होते ती सुखसाध्य, प्रयासाने बरी होते ती कृच्छ्रसाध्य आणि जिच्यावर उपाय चालत नाही ती असाध्य. यांच्या जोडीला आणखी एक वर्ग आहे, तो ‘याप्य’. याप्य व्याधी मुळासकट जात नाही; परंतु उपचार आणि पथ्य चालू असेतोवर ती माणसाला पाडूही शकत नाही. सुश्रुतांनी याला समर्पक दृष्टान्त दिला आहे. कोसळू पाहणारे घर नीट लावलेल्या टेकूवर उभे राहते, तसा हा रुग्ण उपचारांवर उभा असतो.

मुंबईकराला टेकूचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जुन्या चाळींना लावलेले लाकडी-लोखंडी टेकू आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. ‘इमारत गेली दहा वर्षे उभी आहे, तेव्हा आता टेकू काढून टाका,’ असे कोणी म्हणत नाही. मात्र रक्तदाबाच्या गोळीबाबत आपण नेमके हेच म्हणतो!

याचे कारण असे की, आपल्या मनातले आजाराचे चित्र अजून तापाचेच आहे. ताप येतो, चार दिवस औषध, पेज आणि विश्रांती. मग माणूस उठतो आणि बाटली फेकून दिली जाते. दीर्घकालीन व्याधींना हा हिशेब लागू पडत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार, भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाबाचे प्रमाण प्रौढांमध्ये ३५.५ टक्के, म्हणजे तिघांत एकाहून अधिक आहे. या सभागृहात बसलेले एकही कुटुंब या आकड्यांच्या बाहेर असेल, असे म्हणवत नाही.

मधुमेह : सडपातळ देहाचा भ्रम

‘आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही, मग साखर कशी आली?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर पुण्यात शोधले गेले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन या दोघांच्या शरीरांची तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! पुणे परिसरातील नवजात अर्भकांच्या अभ्यासातही हेच दिसले. आपली बाळे वजनाने हलकी, पण चरबी राखून जन्माला येतात. तेव्हा आपल्या समाजात केवळ वजनकाट्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. पोटाचा घेर मोजायला हवा आणि तिशीनंतर साखर तपासायला हवी.

‘मधुमेह मुळापासून घालवतो’ अशा जाहिराती आयुर्वेदाच्या नावावर खपवल्या जातात. प्रत्यक्षात चरकसंहितेने प्रमेहाचे वीस प्रकार सांगताना कफज ते साध्य, पित्तज ते याप्य आणि ज्यांत मधुमेह येतो ते वातज असाध्य, असे स्पष्ट म्हटले आहे. शास्त्र जे वचन देत नाही, ते जाहिरात देते. यावरून काय ते ओळखावे. आजाराच्या सुरुवातीच्या काळात वजन मोठ्या प्रमाणात घटवल्यास काही जणांची साखर औषधाविनाही आटोक्यात राहते, हे खरे. मात्र तेही वैद्यकीय देखरेखीखाली आणि तपासण्या चालू ठेवूनच. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यांनी ते बंद करणे म्हणजे प्राणाशी खेळ होय.

न दुखणारे दुखणे

उच्च रक्तदाबाचा सर्वांत मोठा दोष म्हणजे तो बहुधा दुखत नाही. १४०/९० च्या पुढे गेलेला रक्तदाब वर्षानुवर्षे गप्प राहतो आणि एके दिवशी पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा ऱ्हास या रूपाने बोलतो. मूत्रपिंडे निकामी झाली की आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. एका छोट्या गोळीचा कंटाळा कुठवर नेतो, हे पाहा. गोळीमुळे आकडा नीट आला, म्हणजे टेकू काम करतो आहे. घर दुरुस्त झालेले नाही. मिठाबाबतही तेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा सांगते. लोणचे, पापड, फरसाण यांच्या ताटात ती कधी ओलांडली जाते, ते कळतही नाही.

दम्याच्या बाबतीत अडचण संकोचाची आहे. ‘पंपाची सवय लागते’ या समजुतीपायी मुलांना पोटातून गोळ्या दिल्या जातात. वस्तुतः पंपातले औषध अत्यल्प मात्रेत थेट श्वासनलिकेत पोहोचते. श्वास मोकळा करणारा पंप वेगळा आणि सूज आवरणारा, नियमित घ्यायचा पंप वेगळा, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

सांध्यांचेही तसेच. वयोमानाने होणारी गुडघ्याची झीज आणि आमवात यांना आपण एकाच नावाने ‘संधिवात’ म्हणून मोकळे होतो. सकाळी तासभर बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर ती झीज नव्हे. तिथे लवकर सुरू केलेले उपचार हात वाकडे होण्यापासून वाचवतात. हा विकार स्त्रियांमध्ये अधिक. आणि घरातील स्त्री आपले दुखणे सर्वांत शेवटी सांगते!

पार्ल्याचा एक विद्यार्थी

पार्ले टिळक विद्यालयाचे विद्यार्थी पु. ल. देशपांडे यांना अखेरच्या वर्षांत पार्किन्सनच्या विकाराने, म्हणजे कंपवाताने, गाठले. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मेंदूतील डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि हा विकार जडतो. हात कापतो, अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचे भाव गोठतात. आवाज, चेहरा, लेखणी आणि पेटीवरची बोटे यांवर ज्यांनी महाराष्ट्राला आनंद दिला, त्यांच्या वाट्याला असा आजार यावा, यासारखी हळहळ नाही. त्या काळात सुनीताबाई त्यांच्यासोबत होत्या.

इथेच या विषयाचा गाभा आहे. टेकू केवळ गोळीचा नसतो. तो माणसाचाही असतो. पार्ल्यात कूपर आहे, नानावटी आहे. रुग्णालयांची वाण नाही. उणीव आहे ती घरात. मुले परदेशी, सत्तरीची पत्नी पंचाहत्तरीच्या पतीला उठवते-बसवते. आणि तिचा स्वतःचा रक्तदाब कोणी तपासलेला नसतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाने रुग्ण आणि शुभंकर एकत्र आणून जो मार्ग दाखवला, तो प्रत्येक व्याधीसाठी, प्रत्येक वस्तीत चोखाळता येईल.

आज घरी गेल्यावर तीन गोष्टी कराव्यात. एका वहीत घरातील प्रत्येकाची औषधे आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहावी. डॉक्टरांना न विचारता बंद केलेली गोळी कोणती, हे प्रामाणिकपणे शोधावे. आणि जिन्यावर रोज भेटणाऱ्या, पण दोन दिवसांत न दिसलेल्या शेजाऱ्याची घंटा वाजवावी. घर उभे आहे ते टेकूमुळे. तो गोळीचा असो वा माणसाचा, त्याला हात लावण्यापूर्वी एवढे स्मरण असू द्यावे.