कुंचल्याचे अक्षर आणि दुकानाची पाटी



कापूरबावडीहून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली करीत गायमुखाकडे जाताना आम्ही पाट्या वाचत जातो. ही आमची जुनी खोड. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन महाराष्ट्रातील लहानमोठ्या सर्व दुकानांस मराठी पाटी सक्तीची झाली; ती अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत असेही ठरले. गोष्ट आनंदाची. पण पाटी मराठी झाली म्हणजे ती वाचता येतेच असे नाही.

एका पावसाळी रात्री घरी आजारी माणूस ठेवून आम्ही याच घोडबंदर रस्त्यावर औषधाचे दुकान शोधीत होतो. दुकानासमोरून दोनदा गेलो; पण कुंचल्याच्या झोकदार फटकाऱ्यांतून ‘औषधे’ हा शब्द काही उमटेना. अक्षर देखणे होते. त्याची जागा चुकली होती.

संगणकावरचा हा कुंचल्याचा फॉन्ट आहे तरी काय? चपटा कुंचला तिरका धरून ओढला, की रेघ एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक होते. रंग सरत आला, की शेवटास केसासारख्या रेघा सुटतात. हाताचा तो आवेश यंत्रात साठवलेला असतो. आता इंग्रजी लेखणीच्या टोकाचा कल ज्या बाजूस, त्याच्या उलट बाजूस आपल्या बोरूचा. म्हणून इंग्रजी वळणावर बेतलेले मराठी अक्षर उसन्या अंगरख्यासारखे दिसते. मुंबईच्या लोकल स्थानकांवरील हातरंगी पाट्यांवरून घडवलेल्या ‘यात्रा वन’ फॉन्टात उलट केले आहे. तेथे रोमन अक्षरांनाच देवनागरीचा कल दिला आहे.

कमल शेडगे २०२० साली गेले. नाटकाचे नाव ते असे रेखीत, की वाचण्यापूर्वीच नाटकाची जात कळावी. ते अक्षर त्या एका नावासाठीच जन्मास येई. हाताने काढलेले दोन ‘र’ कधी जुळे नसतात. फॉन्टात मात्र कर्त्याने पर्यायी रूपे दिली नसतील, तर ते जुळेच निघतात.

तेव्हा हे अक्षर वापरावे कोठे? लग्नपत्रिकेवरील नावांना, पुस्तकाच्या शीर्षकाला, मिठाईच्या खोक्याला; दोनचार शब्दांपुरते. पत्ता, औषध, रस्त्याची दिशा यांना साधे, ठसठशीत अक्षरच हवे. फॉन्ट घेण्यापूर्वी ‘श्री’, ‘ज्ञान’, ‘सुऱ्या’ हे शब्द लिहून पाहावेत; ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, तेही पाहावे. मग कागद भिंतीस लावून रस्त्यापलीकडून वाचावा. आणि नाव खरोखर आपले एकट्याचे दिसावे असे वाटत असेल, तर पाट्या रंगविणाऱ्या कारागिरास बोलवावे.

दुकानदार बंधूंनो, रात्री पावसात आपल्या दारी येणाऱ्या माणसाला ती पाटी वाचता यावी, एवढेच आमचे मागणे आहे.