कोंकणचा कातळ आणि समुद्र

कोंकणचा किनारा नकाशावर जवळजवळ सरळ रेघेसारखा दिसतो. होडींतून पाहणारास मात्र तो तसा मुळींच दिसत नाहीं. समुद्रांत घुसलेला काळा कडा, त्याच्या कुशींत वाळूची पुळण, पुढें खाडीचें मुख आणि पुन्हां कडा, असा त्याचा क्रम आहे. यांपैकीं पुळण तेवढी चंचल आणि कडा अचल, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

या कड्याचा जन्म अग्नींतून झाला. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून शिलारस पुनःपुन्हां बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेले. तो रस निवतांना आकसला, म्हणून कातळाला भेगा पडल्या. पुढें रत्नागिरीकडे ऊनपावसानें याच कातळाच्या माथ्यावर जांभा तयार झाला. विरघळणारीं द्रव्यें पाण्याबरोबर गेलीं, लोह व ॲल्युमिनियम यांचे अंश मागें राहिले. सड्यावरील जांभा कठीण खरा. परंतु त्याच्याखालीं पुष्कळ ठिकाणीं मऊ चिकणमाती असते. ती ढासळली कीं वरचे मोठमोठे खंड निराधार होऊन कोसळतात.

समुद्र अशीं दुबळीं स्थळें नेमकीं हेरतो. लाट आदळली म्हणजे भेगेंतील हवा दाबली जाते आणि लाट हटतांच ती एकदम प्रसरण पावते. पाचरीनें लांकूड फोडावें तशी भेग रुंदावत जाते. सुटलेले दगडगोटे लाटेबरोबर कातळावर घासले जाऊन कानशीचें काम करतात. शिंतोड्यांतील पाणी सुकलें कीं मिठाचे स्फटिक खडकाच्या छिद्रांत वाढतात व त्याचा कण कण सुटा करतात. हरिहरेश्वर येथील खडकांवर मधाच्या पोळ्यासारखी जी जाळी दिसते, ती अशाच झिजेची खूण होय. तेथील प्रदक्षिणेची वाट ज्या सपाट कातळावरून जाते, तो मागें हटलेल्या कड्याचा उरलेला पाया आहे. भरतीला लाटा थेट कड्याशीं भिडतात. म्हणून ओहोटीची वेळ पाहिल्यावांचून त्या वाटेनें जाणें जिवावर बेतूं शकतें.

कड्याचा हा चुरा, नद्यांचा गाळ आणि शिंपल्यांची पूड यांवर पुळण पोसली जाते. पावसाळ्यांत उंच लाटा तिची वाळू ओढून किंचित् खोल पाण्यांत नेतात. पाऊस सरल्यावर शांत लाटा तींतील बरीचशी परत आणतात. ही देवघेव न ओळखतां किनाऱ्यावर उभी भिंत घातली तर काय होतें? भिंतीवरून उलटलेली लाट तिच्याच पायथ्याची वाळू उकरते, भिंतीच्या टोकाशीं धूप वाढते आणि शेजारच्या वाडीचे माड धोक्यांत येतात. जेथें घरें अगदीं पाण्याशीं आहेत, तेथें भिंत टाळतां येत नाहीं, हें खरें. पण एका गांवाचें रक्षण तें दुसऱ्याचें संकट होऊं नये.

पृथ्वीचें तपमान वाढत असल्यामुळें आज समुद्राची पातळीही चढत आहे. अशा वेळीं वाळूचा उपसा थांबविणें, खाडीकांठचीं तिवरें राखणें आणि नवें घर बांधतांना कड्यापासून व भरतीच्या रेषेपासून पुरेसें अंतर सोडणें, हे उपाय साधे असले तरी मोलाचे आहेत. कातळाची झीज कोणास थांबवितां येणार नाहीं. तिच्या वाटेंत घर न बांधणें मात्र माणसाच्या हातीं आहे.