सनदी शाळा आणि विशेष गरजा असणारी मुले : अमेरिकेतील अनुभव

(सुवर्णमहोत्सवी समारंभात झालेल्या व्याख्यानाचा सारांशरूप पाठ)



शाळा चालविणाऱ्या संस्थेची कीर्ती गुणवत्ता यादीतील नावांवरून पसरते. तिची कसोटी मात्र वेगळ्या प्रसंगी लागते. ज्या मुलाला शिकविण्यास सर्वाधिक खर्च येतो आणि ज्याच्यामुळे निकालाची टक्केवारी वाढण्याची शक्यता नसते, अशा मुलाचे आईवडील प्रवेशअर्ज घेऊन दाराशी येतात, तेव्हा संस्था त्यांना काय उत्तर देते? अमेरिकेतील ‘चार्टर’ शाळांच्या निमित्ताने या प्रश्नावर तीन दशकांहून अधिक काळ विचारमंथन झाले आहे. शैक्षणिक कार्याची धुरा वाहणाऱ्यांनी ते समजून घेणे उद्बोधक ठरेल.

चार्टर म्हणजे सनद. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने अशा शाळांचा पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली सनदी शाळा सुरू झाली. या शाळा सार्वजनिक निधीवर चालतात. विद्यार्थ्यांकडून शुल्क घेता येत नाही. जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास सर्वसाधारणपणे सोडत काढली जाते. कारभार मात्र स्वतंत्र मंडळाकडे असतो आणि हे मंडळ बहुधा ना-नफा तत्त्वावरील संस्थेचे असते. शिक्षकांची नेमणूक, वेळापत्रक, अध्यापनपद्धती यांत त्याला मोकळीक मिळते. ठरलेली उद्दिष्टे साध्य झाली नाहीत, तर सनद काढून घेतली जाऊ शकते.

ही मोकळीक कोठपर्यंत, हाच कळीचा मुद्दा आहे. राज्याच्या अनेक नियमांतून या शाळांना सूट मिळाली. अपंगत्व असणाऱ्या मुलांच्या हक्कांसंबंधीच्या संघराज्याच्या कायद्यांतून मात्र कोणतीही सूट मिळाली नाही.

त्या कायद्यांमागे मोठा इतिहास आहे. १९७५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा संमत केला. देशात अशी ८० लाखांहून अधिक मुले असून त्यांतील १० लाख मुले सार्वजनिक शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत, अशी नोंद त्या कायद्यातच होती. प्रत्येक मुलाला मोफत व त्याच्या गरजेस अनुरूप शिक्षण, त्याच्यासाठी स्वतंत्र लेखी शैक्षणिक आराखडा आणि शक्य तेवढे इतर मुलांच्या सोबतीनेच शिक्षण, ही या कायद्याची मूलतत्त्वे होत. १९९७ च्या दुरुस्तीत सनदी शाळांचा स्पष्ट उल्लेख आला. मूल सनदी शाळेत गेले म्हणून त्याचा अथवा त्याच्या पालकांचा एकही हक्क कमी होत नाही.

कायद्याच्याही आधी, १९७२ मध्ये, वॉशिंग्टन येथील एका न्यायालयाने दिलेला निवाडा हिशेबाची वही सांभाळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. पैसा अपुरा आहे, असा बचाव शिक्षण मंडळाने मांडला होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. निधी अपुरा असेल, तर आहे तो अशा रीतीने खर्च करावा की कोणतेही मूल पूर्णपणे वंचित राहणार नाही. तुटीचा अधिक भार अपंग मुलांवर टाकता येणार नाही, असा त्याचा आशय होता.

प्रत्यक्षात काय घडले? अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २०१२ मध्ये अहवाल सादर केला. त्यानुसार २००९-१० या वर्षी पारंपरिक सार्वजनिक शाळांत अपंगत्व असणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ११ टक्के, तर सनदी शाळांत सुमारे ८ टक्के होते. या तफावतीच्या कारणांविषयी अहवालाने ठाम निष्कर्ष काढला नाही. काही पालक आपणहून जुन्याच शाळेत राहणे पसंत करतात, हेही खरे आहे. परंतु एक कारण जमाखर्चाच्या साध्या गणितातून उमगते.

पन्नास हजार मुलांच्या जिल्ह्यात एका मुलाला पूर्णवेळ मदतनीस, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि परिचारिका लागली, तर तो खर्च मोठ्या अंदाजपत्रकात सामावून जातो. अनेक राज्यांत सनदी शाळा कायद्याच्या दृष्टीने स्वतःच एक स्वतंत्र जिल्हा मानली जाते. दोनशे मुलांच्या अशा शाळेत त्याच एका मुलामुळे वर्षाचा ताळेबंद डळमळू शकतो. संघराज्य शासनाने १९७५ मध्ये अतिरिक्त खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते आजवर कधीही पूर्ण झालेले नाही.

अशा वेळी कोणतीही संस्था लेखी नकार देत नाही. “आमच्याकडे ती सोय नाही, दुसरी शाळा आपल्या मुलाला अधिक मानवेल,” असे मृदू शब्दांत सुचविले जाते. पालक निमूटपणे परत जातात. नकाराची नोंद कोठेही होत नाही.

न्यू ऑर्लिन्स शहराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर तेथील बहुतेक शाळा टप्प्याटप्प्याने सनदी झाल्या. २०१० मध्ये पालकांच्या वतीने दावा दाखल झाला. प्रवेश नाकारणे, आवश्यक सेवा न देणे, अपंगत्वातून उद्भवणाऱ्या वर्तनासाठी मुलांना शाळेबाहेर काढणे, असे आरोप त्यात होते. २०१५ मध्ये न्यायालयाच्या संमतीने समझोता होऊन स्वतंत्र निरीक्षण सुरू झाले. दरम्यान २०१२ पासून प्रवेशासाठी शहरभर एकच सामाईक अर्ज आला, त्यामुळे दारातून परत पाठविण्याची वाट अरुंद झाली. पुढे मुलाच्या गरजेनुसार अधिक निधी देण्याची पद्धतही रूढ झाली.

अन्यत्र काही छोट्या शाळांनी एकत्र येऊन तज्ज्ञांच्या सेवा आणि खर्चाची जोखीम वाटून घेतली. व्यापारात एकाच्या गोदामाला आग लागली, तर विम्याच्या सामाईक निधीतून ते नुकसान सोसले जाते. त्याच तत्त्वाचा हा उपयोग होय.

२०१७ मध्ये कोलोरॅडोतील एका स्वमग्न मुलाच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला. मुलाची नाममात्र प्रगती पुरेशी नाही; त्याच्या परिस्थितीच्या मानाने उचित अशी प्रगती साधणारा आराखडा हवा. म्हणजे मुलाला वर्गात केवळ बसू दिले, एवढ्याने कर्तव्य संपत नाही.

भारतातही २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत. शासनाचे अनुदान अथवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी अशा मुलांना भेदभावाविना प्रवेश द्यावा, अशी अपेक्षा त्यात आहे. अमेरिकेतील अनुभव येथे उपयोगी पडतो तो असा की, कायद्याची सक्ती आणि खर्चाची तरतूद या दोन्ही गोष्टी लागतात. तरतुदीविना केवळ सक्ती असेल, तर गोड शब्दांतील नकार वाढतात. सक्तीविना केवळ तरतूद असेल, तर पैसा इमारतीवर खर्च होतो.

म्हणून वार्षिक सभेत निकालाची टक्केवारी वाचून झाल्यावर प्रत्येक विश्वस्ताने तीन प्रश्न विचारावेत. विशेष गरजा असणाऱ्या किती मुलांचे पालक या वर्षी चौकशीस आले आणि त्यांपैकी कितींना प्रवेश मिळाला? अशी किती मुले वर्षाच्या मध्यावर शाळा सोडून गेली आणि का? पुढील अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी किती रक्कम ठेवली आहे? ही उत्तरे कार्यवृत्तात लिहून ठेवावीत. जो नकार कागदावर येत नाही तो कोणालाच सलत नाही, आणि आजवरचे बहुतेक नकार असेच झाले आहेत.