भिंतीवरच्या दोघी
(शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

मी चित्रकलेची शिक्षिका. म्हणून माझ्याच विषयातलं थोडं सांगते.

पूर्वी चित्र शिकायला सुरुवात व्हायची ती प्लास्टरच्या पुतळ्यांवरून. आधी सुटं नाक, सुटा कान, मग डोकं, मग ग्रीक देवाचं अख्खं शरीर. पुतळा पांढरा, उजेड एका बाजूने. तो हलत नाही, दमत नाही, मजुरी मागत नाही. सावली कुठे संपते ते त्याच्यावर नीट कळतं. पद्धत वाईट नव्हती. युरोपातून ती आपल्याकडे, १८५७ मध्ये निघालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्येही आली.

पण युरोपात मुलगे पुतळ्यावरून पुढे जिवंत माणसाकडे जायचे आणि मुलींना पुतळ्यापाशीच थांबवलं जायचं. लंडनच्या रॉयल अकादमीचंच बघा. १७६८ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. पुढे काही वर्षांतच झोफनी नावाच्या चित्रकाराने सभासदांचं चित्र काढलं. पुरुष नग्न मॉडेलभोवती जमलेत. आणि या दोघी? भिंतीवरच्या तसबिरींत! आपल्याकडे माणूस गेल्यावर भिंतीवर जातं. या तर हयात होत्या.

तिथल्या शाळेत पहिली विद्यार्थिनी शिरली १८६० मध्ये. लॉरा हर्फर्डने चित्रावर नावाची नुसती आद्याक्षरं घातली, परीक्षकांना वाटलं पुरुषच. मग वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या. १८९३ मध्ये मुलींना पुरुष मॉडेल मिळालं ते असं : चड्डी, तिच्यावर नऊ फूट कापड गुंडाळलेलं, आणि ते सुटू नये म्हणून कातडी पट्टा. (नऊ वार नव्हतं हे नशीब!)

आणि त्याच संस्थेत पुरुषांसमोर बाई विवस्त्र बसत होती, अगदी सुरुवातीपासून. वीस वर्षांखालच्या अविवाहित मुलांना तेवढी मनाई. म्हणजे त्या खोलीत बाई चालत होती, पण चौथऱ्यावर. हातात कोळसा घेतलेली चालत नव्हती. मान होता पुराणातल्या, इतिहासातल्या मोठ्या चित्रांना, आणि ती शरीर अभ्यासल्याशिवाय होत नाहीत. वर म्हणायचं, बायका फुलंच बरी काढतात.

मला कुणी अडवलं नाही. आमच्या वर्गात एक मावशी तासन् तास बसायच्या, लुगडं नेसून. पाय आखडला की सर म्हणायचे, ‘हलू नका.’ आम्हीही वैतागायचो. वर्षभर मी त्यांची मान, खांदे, हात काढले. त्यांचा कान आजही न बघता काढून दाखवीन. नाव मात्र मी कधी विचारलं नाही.